मरणाचा विषय काढला की मुलं उठून जातात, मी गप्प बसू का?

पत्र (थोडं कमी करून): "मी ६९ वर्षांची, सांगलीत एकटी राहते. झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. शेवटचे अडीच आठवडे व्हेंटिलेटरवर होते, नळी ओढतील म्हणून हात बांधलेले. डॉक्टर रोज विचारायचे पुढे काय करायचं सांगा, आणि आम्हाला कुणालाच सांगता येईना. माझं तसं व्हायला नकोय. देहदान पण करायचंय. दिवाळीत जेवताना विषय काढला तर सून म्हणाली आई अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते. मुलगा (पुण्यात असतो) ताटावरून उठला. मुलगी डॅलसला असते, ती व्हिडिओ कॉलवर रडायलाच लागली आणि म्हणाली तुला डिप्रेशन आलंय. मला काही झालेलं नाही हो, रोज फिरायला जाते, भजनी मंडळ आहे. ते लिव्हिंग विल का काय ते सांगलीत कुठे करतात? आणि मुलांना सांगू कसं?"

ताई, गप्प बसू नका.

आधी डिप्रेशनचं बोलू, कारण मुलीच्या मनात तेच बसलंय. तुमच्या पत्रात जगण्याचा कंटाळा कुठेच दिसत नाही, जायची वेळ येईल तेव्हा हाल होऊ नयेत एवढंच तुम्ही म्हणताय आणि ते अगदी शहाण्या माणसाचं बोलणं आहे. तरीही झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, भजनाला जावंसं वाटत नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि तसं काहीच नसेल तरी पुढच्या चेकअपला फॅमिली डॉक्टरांशी पाच मिनिटं याच विषयावर बोला आणि मुलीला सांगा की मी डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले तुमचं मन ठणठणीत आहे. एवढ्या लांबून तिला फक्त स्क्रीनवरचा तुमचा चेहरा दिसतो, त्यामुळे ती घाबरणारच.

आता मुलगा. तो ताटावरून का उठला असेल याचा मी बराच विचार केला. मला वाटतं त्या क्षणी त्याला तुमचं मरण दिसलंच नसणार, त्याला बाबांचे बांधलेले हात दिसले असणार. आयसीयूच्या बाहेर सह्या बहुधा त्यानेच केल्या असतील, रोज संध्याकाळी डॉक्टरांसमोर तोच उभा राहिला असेल, आणि आपण बाबांना उगाच त्रास दिला की आपण पुरेसं केलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्या मनात असतील. दोन वर्षांत तुम्ही तिघं याबद्दल एकदा तरी बोललात का? पत्रावरून वाटत नाही. म्हणून माझं सांगणं असं की सुरुवात तुमच्या मरणापासून करूच नका, बाबांच्या मरणापासून करा. घरात जे घडून गेलंय आणि ज्याबद्दल कुणी तोंडातून अक्षर काढलेलं नाही, ते मोकळं झाल्याशिवाय पुढचं कुणाच्या कानात शिरणार नाही.

मुलाला एकट्याला गाठा. सणाला नको, जेवताना नको, सून-नातवंडांसमोर नको. त्याच्यासोबत गाडीतून कुठे जाताना बोला, किंवा मटार सोलायला बसवा शेजारी, हाताला काम असलं आणि नजर खाली असली की पुरुष जरा बोलतात असं मी पाहिलंय. आणि एवढंच विचारा, "बाबांच्या वेळी त्या हॉस्पिटलमध्ये तुला काय वाटायचं रे? मी कधी विचारलंच नाही." मग थांबा. तो लगेच काही बोलणार नाही, "जाऊ दे ना आई" म्हणेल, म्हणू दे. त्याला सांगा की तू जे केलंस ते बरोबर केलंस, त्यांनी आपल्याला काही सांगून ठेवलं नव्हतं तर आपण आणखी काय करणार होतो. हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकायची त्याला किती गरज असेल याची तुम्हाला कदाचित कल्पना नाही. त्या दिवशी तेवढंच पुरे, पुढचं पंधरा दिवसांनी.

पंधरा दिवसांनी तुमचं सांगा. "मला तुझी परवानगी नकोय, मदत हवीय. बाबांच्या वेळी तुझ्यावर जी वेळ आली ती माझ्या वेळी येऊ नये म्हणून मी लिहून ठेवणार आहे, ते तू एकदा वाच." बस. तो "तुला काही होत नाही" म्हणाला तर वाद घालू नका, "नाही झालं तर उत्तमच, कागद कपाटात पडून राहील" म्हणा.

दशक्रियेला आपण घाटावर उभे राहतो, पिंडाला कावळा शिवेना की सगळे हात जोडून एकेक इच्छा आठवायला लागतात, धाकट्याचं लग्न राहिलं असेल, बहिणीला साडी द्यायची राहिली असेल, "आम्ही सगळं नीट करू हो" असं कावळ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतात. तुमच्या घरानेही कृष्णाकाठी हे केलं असेलच. गेलेल्या माणसाची इच्छा ओळखण्यासाठी आपण तासभर उन्हात थांबतो, आणि जिवंत आई समोर बसून सांगतेय तर तिला गप्प करतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुलाला हे टोमणा म्हणून ऐकवू नका, प्रेमाने सांगा, त्याला पटेल.

सुनेचं वेगळं आहे. वास्तू तथास्तु म्हणते हे ती मनापासून मानते, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत मानतात, त्याला अंधश्रद्धा वगैरे म्हणून तिला दुखवू नका. उलट तिलाच सांगा, "अगं मग चांगलंच मागते ना. मला शेवटी त्रास होऊ नये, तुम्हाला धावपळ होऊ नये, मी शुद्धीत असताना सगळ्यांना भेटावं. याला म्हणू दे वास्तूला तथास्तु." मला तर वाटतं पुढे तुमच्या बाजूने सगळ्यात ठाम तीच उभी राहील, कारण आजारपणात उशाशी बसायची वेळ येते ती बहुतेक सुनेवरच.

मुलीशी बोलताना देहदानाचा मुद्दा आधी सोडवा, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती तुमच्या लक्षात आली नसावी. देहदानाला बहुतेक मेडिकल कॉलेजं काही तासांतच देह मागतात. डॅलसहून निघालेली मुलगी तुमच्या दारात यायला दीड-दोन दिवस सहज जातात. म्हणजे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फॉर्म भरलात तर मुलीला अंत्यदर्शन मिळेलच असं नाही, आणि तिच्यासाठी थांबलं तर कदाचित देहदान होणार नाही. कॉलेजच्या शरीररचना विभागात आधी जाऊन विचारा की किती वेळ चालतो, शवागारात ठेवलेला देह घेतात का. आणि मग मुलीला सरळ विचारा की तुला काय चालेल. ती म्हणाली की मला बघायचंच आहे तर तुम्ही काय ठरवाल? मी तुमच्या जागी असते तर त्या बाबतीत लेकीचं ऐकलं असतं आणि नेत्रदानावर समाधान मानलं असतं, नेत्रपेढीची माणसं सहा तासांच्या आत घरी येऊन ते करून जातात आणि चेहरा अजिबात विद्रूप होत नाही. पण हा तुमचा निर्णय आहे. हेही लक्षात ठेवा की फॉर्म भरला तरी ऐनवेळी कॉलेजला कळवायचं काम घरच्यांचंच असतं, त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला, शिवाय पोस्टमॉर्टेम झालं किंवा काही संसर्गजन्य आजार असला तर कॉलेज देह घेत नाही. म्हणून मुलांना न सांगता फॉर्म भरून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

आता लिव्हिंग विल. आधी एक घोळ मिटवते, हे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र म्हणजे गेल्यावर घर-दागिने-पैसे कुणाला, आणि हे म्हणजे आपण जिवंत आहोत पण बोलायच्या स्थितीत नाही, बरं व्हायची आशा नाही, तेव्हा कुठले उपचार करायचे आणि कुठले नाही. दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर करा.

अरुणा शानभाग यांच्याबद्दल तुम्हाला सांगायला नको. केईएममधल्या त्या नर्सवर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या केसमध्ये २०११ साली सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवायला काही अटींवर वाट मोकळी केली, पण त्यांच्या स्वतःच्या बाबतीत नाही म्हटलं, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या स्टाफला त्या जगायला हव्या होत्या. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे सांगायला कुणीच नव्हतं. मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस आधीच असं लिहून ठेवू शकतो. पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानेच ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं. मुलगा म्हणाला की हे कायद्यात बसतं का, तर त्याला सांगा की २०२४ मध्ये गोव्यात मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं पत्र केलंय.

त्यात तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार त्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत त्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरांना, आणि एक महापालिकेत. कोर्टाने सांगितलंय की स्थानिक संस्थेने ही पत्रं सांभाळायला अधिकारी नेमायचा, आणि हायकोर्टात याचिका झाल्यावर महाराष्ट्रात तसे अधिकारी नेमलेही गेले. तुमच्यासाठी म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, आरोग्य विभागात चौकशी करा. खिडकीवरच्या माणसाने "हे काय असतं" असं तोंड केलं तर परत फिरू नका, साधा अर्ज लिहून प्रत जोडा, आवक-जावकला द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. झेडपीत इतकी वर्षं काढलीत, पोच कशी घ्यायची हे तुम्हाला मी काय सांगणार.

हा कागद केला की कुणीही उठून मशीन बंद करेल अशी भीती मुलीला वाटू शकते. तसं होत नाही. आधी तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ असं हॉस्पिटलचं बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड बघतं ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो, तुम्ही ज्यांची नावं लिहिली त्यांची संमती लागते, मॅजिस्ट्रेटना कळवावं लागतं. तुम्ही स्वतः बोलू शकत असाल तोवर कागदाचा संबंधच नाही, तुम्हालाच विचारणार. आणि मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं. इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे बेकायदा होतं आणि आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

काय लिहाल याबद्दल मात्र कळकळीने सांगते. रागाच्या भरात "व्हेंटिलेटर नको, ऑक्सिजन नको, काहीच नको" असं लिहू नका. मिस्टरांच्या वेळचं बघून तुम्हाला त्या मशीनचा तिटकारा आलाय ते समजतं, पण उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला तर हेच मशीन चार-पाच दिवस लावून तुम्ही चालत घरी येऊ शकता आणि पुढची दहा वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवू शकता. म्हणून असं लिहा की बरं व्हायची शक्यता आहे तोवर सगळे उपचार करा, लागलं तर व्हेंटिलेटरवर काही दिवस ठेवून बघा, पण दोन डॉक्टर म्हणाले की आता सुधारणा होणार नाही, तर तो काढा, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका, डायलिसिस नको. आणि लगेच खाली लिहा की दुखणं, धाप, घाबरेपणा यावरची औषधं शेवटपर्यंत द्या. हे वाक्य विसरू नका! उपचार थांबवणं म्हणजे माणसाला तसंच तळमळत टाकणं असं कितीतरी लोकांना वाटतं, आणि म्हणूनच मुलं सही करायला धजत नाहीत. वेदना कमी करायचं हे काम करणारे डॉक्टर वेगळे असतात, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याला, परळच्या टाटामध्ये आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र कॅन्सर पेशंटसाठी मोफत चालतं. तुमच्या गावाजवळ असं कोण आहे ते फॅमिली डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

नाव कुणाचं घालाल? आई म्हणून तुम्हाला दोघांचं घालावंसं वाटेल आणि घालाही, पण आयसीयूच्या दारात डॉक्टरांच्या डोळ्यात बघून "आईला हे नको होतं, थांबवा" असं म्हणायची ताकद कुणात आहे ते ओळखा. सगळ्यात जास्त प्रेम करणाऱ्याला ते जमतंच असं नाही. तुमच्या एखाद्या बहिणीला जमत असेल तर तिचं नाव घाला आणि तसं मुलांना सांगा. आणि हो, परदेशातून धावत आलेलं मूल बऱ्याचदा येऊन म्हणतं की सगळं करा, कशालाही मागे हटू नका, कारण आपण जवळ नव्हतो ही टोचणी असते. तुमच्या लेकीला आत्ताच म्हणा, "तू लांब आहेस म्हणून तू कमी पडलीस असं मी कधीच समजणार नाही." वेगळा व्हिडिओ कॉल लावून, फक्त तुम्ही दोघी.

शेवट घरीच व्हावा असं वाटत असेल तर डॉक्टरांना हेही विचारा की घरी मृत्यू झाला तर तुम्ही येऊन कारणाचं सर्टिफिकेट द्याल ना. ते नसलं की नोंदणीपासून स्मशानापर्यंत सगळीकडे अडतं आणि रडत्या घराला डॉक्टर शोधत फिरावं लागतं. नोंद २१ दिवसांत करायची, दाखल्याच्या जास्तीच्या प्रती एकदमच घ्यायच्या.

मालमत्तेचं तुम्ही विचारलं नाहीत पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. घर मिस्टरांच्या नावावर होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ते घर आपोआप तुमच्या एकटीचं झालेलं नाही, तुम्ही, मुलगा, मुलगी तिघांचा सारखा वाटा आहे (सासूबाई तेव्हा हयात असत्या तर त्यांचाही). तुम्ही मृत्युपत्रात फक्त तुमचा वाटा देऊ शकता. सिटी सर्व्हेला वारसनोंद झाली का ते आधी बघा. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणजे पैसे त्याचे झाले हाही गैरसमज आहे, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, खरे मालक वारस, शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण करा, दोन साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही.

आणि एक वही करा. माझ्या मामीने केली होती, साधी दोनशे पानी. पहिल्या पानावर बँका, पेन्शन, लॉकरची चावी कुठे, एलआयसीचे नंबर. पण आम्हाला रडवलं ते पुढच्या पानांनी. भिशीत कुणाचे किती आपल्याकडे आहेत, कामवालीला दिलेले दोन हजार परत मागू नका, मोरपंखी पैठणी मला नेसवून जाळू नका ती नातीला द्या, मला रोजचं सुती लुगडं पुरे, तेराव्याला जिलबी नको शिरा करा तो सगळ्यांना पचतो. मामी गेल्यावर त्या घरात कशावरूनही आवाज चढला नाही, कुणी काही म्हणालं की दुसरा उठून वही आणायचा. तुमच्या वहीत पिन, पासवर्ड लिहू नका, कुठे काय आहे तेवढं लिहा, आणि मुलांसाठी ठळक लिहून ठेवा की माझं सिमकार्ड सहा महिने बंद करू नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाताच, तेव्हा घरी येऊन दरवर्षी ही वही आणि ते दोन्ही कागद एकदा वाचा, काही बदललं असेल तर खाडाखोड न करता नवीन लिहा.

लिव्हिंग विल आधी घरी मराठीत स्वतःच्या हाताने लिहून काढा, डॉक्टरांना दाखवून वैद्यकीय शब्द दुरुस्त करून घ्या, मगच टाइप करा. नोटरीकडे जाताना तुमचं आणि दोन्ही साक्षीदारांचं आधार ओरिजिनल न्या, तिघांनी एकाच वेळी जा, आणि सही नोटरीसमोरच करा, घरून करून नेऊ नका. साक्षीदार नात्यातले नसले तर बरं, भजनी मंडळातल्या दोघी चालतील. चारेक ओरिजिनल करून घ्या म्हणजे मुलीला एक पाठवता येईल.